कडूबा पेंटर आणि शेंदराखालचे भाडेकरू

कडूबा पेंटर बोलताना माणसाकडं बघायचा नाही. समोरच्याच्या मागं फाटक असेल तर फाटकाकडं, खिडकी असेल तर गजांकडं बघायचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आला तेव्हा नवऱ्या मुलाच्या आधी त्यानं मांडवाचे पाइप बघितले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सायेब, पोरगं ठीक हाय. मांडववाला बदला, पाइप आतून खाल्लेत." पोरगं खरंच ठीक निघालं. मांडववाला मी बदलला नाही. लग्नात मांडवाचा एक कोपरा खाली आला, तेव्हा कडूबा पंगतीतून उठून माझ्यापर्यंत आला, "बगा" एवढंच म्हणाला आणि परत जिलेबीकडं गेला.

तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या पाण्याच्या खात्यात मी कनिष्ठ अभियंता होतो आणि तो रंगारी. वयानं तो मोठा, पण मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला सायेब म्हणायचा. सरकारी खात्यात वय खुर्चीवरून मोजतात. आमच्या आवारात सहा पायांची एक लोखंडी टाकी होती. पोलीस ॲक्शननंतर चार वर्षांनी, बावन्न साली, ती उभी राहिली आणि त्याच साली वैजापूरकडच्या एका खेड्यातून कडूबा हातात ब्रश घ्यायला आला. पुढं अडतीस वर्षं, दर तीन वर्षांनी, त्यानं ती टाकी रंगवली. त्याच्या बायकोचं नाव आवडाबाई, पण आवारातले लोक टाकीलाच त्याची थोरली म्हणायचे. आवडाबाईही म्हणायच्या. दुपारी भाकरी घेऊन आल्या की फाटकातूनच विचारायच्या, "खाली हायेत का थोरलीच्या कडंवर?"

त्याची रंगवायची रीत ठरलेली. आधी पत्रीनं खरवड, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. त्यानंतर शेंदराचे दोन हात आणि त्यावर चंदेरी रंगाचे दोन. शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली लाल पूड. ती जवसाच्या तेलात कालवून लोखंडाला लावली की गंज दूर राहतो. कडूबाचा त्या शेंदरावर देवापेक्षा जास्त विश्वास. "मपल्या शेंदराखाली जीव धरत नाय," तो म्हणायचा. "मुंगी नाय, बुरशी नाय. आन् ह्या टाकीचं इंचभर लोखंड मपल्या हाताबिगर ऱ्हायलं नाय."

हे दुसरं वाक्य आमच्या खात्याचं भूषण होतं. कुणी पाहुणा आला की मोठे साहेब टाकीकडं बोट करून तेच म्हणायचे. नव्वद सालच्या जूनमध्ये कडूबा निवृत्त होणार होता. त्या दिवशी द्यायच्या मानपत्रात हेच वाक्य घालायचं ठरलं होतं, आणि माझं अक्षर बरं म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. कडूबाला त्याचा सुगावा लागला. मग दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून तो माझ्या टेबलाशी यायचा, खिडकीच्या गजाकडं बघत विचारायचा, "सायेब, त्ये इंचाचं हाय ना त्यात?" अडतीस वर्षांत त्यानं खात्याकडं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर लुनावरून एक मुलगी आली. नाव पद्मजा. विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.फिल. करत होती. वडिलांनी लग्नाआधी एकच वर्ष मोकळं दिलं होतं आणि त्यातले पाच महिने आमच्या खात्याची परवानगी मिळवण्यात गेले होते.

"मला गंज पाहिजे," ती म्हणाली.

"बाई," मी म्हटलं, "आमच्या खात्यात पाण्याची टंचाई असते, गंजाची नसते. तेवढा एकच पुरवठा आम्ही चोवीस तास करतो."

ती हसली नाही. कामाची मुलगी होती. तिनं समजावून सांगितलं ते असं: गंज म्हणजे नुसती लोखंडाची माती नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. काही लोखंडावरच गुजराण करतात, काही गंजाच्या फोडाखाली, हवाही पोचत नाही अशा जागी राहतात. शिसं, तांबं, जस्त यांसारख्या धातूंचं प्रमाण वाढलं की ते कुठल्याही जिवाला विषच, पण गंजातले काही जिवाणू हे विष सोसतात. कोण किती सोसतं ते तिला मोजायचं होतं. शेंदूर लावलेलं लोखंड आणि कधीच शेंदूर न लागलेलं लोखंड, दोन्हीवरचे जिवाणू घ्यायचे आणि वाढत्या शिशात ठेवून बघायचे.

कडूबा शिडी धरून उभा होता. "ताई, तुमी उगाच पेट्रोल जाळून आल्या. मपल्या शेंदराखाली कायबी गावायचं नाय," तो म्हणाला. पद्मजानं तिसऱ्या पायावरचा एक फोड हेरला, पातं स्पिरिटच्या दिव्यावर धरून तापवलं, निवू दिलं आणि फोड उचकटला. आतून काळी, सडक्या अंड्याच्या वासाची चिकट भुकटी निघाली. कडूबानं दुसरीकडं तोंड फिरवलं. चारचौघांत कुणी आपल्या घरातला कोपरा झाडून दाखवावा तसं त्याला झालं असावं.

पंधरा दिवसांनी तिनं आम्हा दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. काचेच्या झाकणाच्या बशा, त्यांत जेलीसारखा थर, प्रत्येक पुढच्या बशीत आधीच्या दुप्पट शिसं. पाचव्या बशीत तपकिरी ठिपके उठले होते. कडूबानं बशीकडं इतका वेळ बघितलं की मला जांभई आली.

"ह्ये कोण?"

"तिसऱ्या पायावरचे, मामा."

"मपल्या तिसऱ्या पायावरचे?"

"हो. शेंदरात शिसं असतं ना. ज्यांना ते सोसत नाही ते मेले, ज्यांना सोसतं ते उरले आणि वाढले."

"अन् ऱ्हात्यात तर भाडं?" कडूबानं विचारलं. मग माझ्याकडं वळून, म्हणजे माझ्यामागच्या लोखंडी कपाटाकडं बघून म्हणाला, "अठ्ठ्याऐंशीला तिसऱ्या पायाचं काम पावसात उरकलं व्हतं. तुमीच घाई केली व्हती, सायेब." जिवाणूंच्या वाढीत माझाही हात आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण त्या दिवसापासून तो बदलला. जिवाणूंना भाडेकरू म्हणू लागला आणि भाडेकरूंची चौकशी करू लागला. "सहाव्या बशीत गेले का वो?" म्हणून विचारायचा. पोटच्या पोराचा निकाल विचारावा तसं. एकदा पद्मजानं त्याला शेंदराच्या हातानं भाकरी मोडताना बघितलं आणि ती ओरडलीच, "मामा, शिसं सोसणारे ते जिवाणू, तुम्ही नाही!" तेव्हापासून कडूबा साबणानं हात धुऊन जेवायला बसू लागला. आवडाबाई म्हणाल्या, "अडतीस वर्सं म्या सांगून थकले. शेवटी जंतूंचं ऐकलं."

आता तुलनेला हवं होतं शेंदूर न लागलेलं लोखंड, त्याच आवारातलं, जुनं. ते आमच्याकडं होतं, आणि त्याचं श्रेय सरकारला द्यायला हवं. त्र्याहत्तर साली दुसऱ्या एका खात्यानं टाकीशेजारी दिव्यासाठी कंबरभर उंचीचा लोखंडी खांब रोवला. दिवा आला नाही. खांब त्यांचा म्हणून आम्ही रंगवला नाही, आणि जागा आमची म्हणून त्यांनी रंगवला नाही. सतरा वर्षं तो उघडा गंजत होता. पद्मजाला तो बघून जो आनंद झाला तो मी लग्नाच्या मुलींना दागिने बघूनही झालेला बघितलेला नाही.

खांबावरच्या जिवाणूंची पहिली खेप वीज गेल्यामुळं खराब झाली. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, सगळे नमुने मे महिन्यात एकाच दिवशी पुन्हा घ्या. जूनअखेर प्रबंध द्यायचा होता. मध्ये ती महिनाभर पुण्याला काम शिकायला गेली. जाताना कडूबाला म्हणाली, "मामा, खांबाला कुणाचा हात लागू देऊ नका. तो गेला तर माझं वर्ष गेलं, आणि मला दुसरं वर्ष मिळणार नाही."

"म्या हाय ना," कडूबा म्हणाला.

ती गेली आणि मंत्र्यांचा दौरा ठरला. दौरा म्हटलं की खात्यांना सतरा वर्षांपूर्वीची कामं आठवतात. दिव्याच्या खात्याला आपला खांब आठवला आणि त्यांनी तो कापून न्यायला फकिरा नावाच्या गॅसकटरवाल्याला धाडलं. मी तेव्हा वेरूळकडच्या कामावर होतो. कडूबानं फकिराला विनवलं, हा खांब शिक्षणाच्या कामाचा हाय म्हणून सांगितलं. फकिरा म्हणाला, "मामू, मेरे को साहब का हुकूम है, सुबह आता मैं." कडूबानं रात्रभर काय विचार केला कुणास ठाऊक. सकाळी फकिरा सिलिंडर घेऊन आला तेव्हा खांबाला शेंदूर फासलेला होता, गळ्यात रुईच्या पानांची माळ होती आणि पुढं नारळ फुटलेला होता.

आपल्याकडं शेंदूर लागलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही, पुरावाही मागत नाही. फकिरानं टोपी सारखी केली, खांबाला हात जोडले आणि सिलिंडर घेऊन परत गेला. दौरा आला नि गेला. खांब जागेवर राहिला.

मी आठवड्यानं परतलो तर आवारात शनिवारची गर्दी. दहावीच्या निकालाची धास्ती घेतलेली चार घरं, बदली अडलेला एक कारकून, आणि हे लिहायला लाज वाटते पण माझ्या बायकोनं पाठवलेली तेलाची वाटीही होती. प्रत्येक जण चिमूटभर शेंदूर तेलात कालवून खांबाला लावत होता. मोठ्या साहेबांनी पहिल्या दिवशी बूट घालून नमस्कार केला, दुसऱ्या दिवशी काढून. कडूबा बाजूला उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "आरामात घ्या दर्शन, पर खरवडू नका."

पंचवीस मेला पद्मजा आली. खांब बघून ती मटकन खालीच बसली.

"ताई, वाचिवला," कडूबा अभिमानानं म्हणाला.

"मामा, शेंदूर? शेंदूर म्हणजे शिसंच ना! मी तुम्हाला सांगितलं होतं."

"त्ये डब्यातल्या शेंदराचं सांगितलं व्हतं. म्या काय येडा हाय का? डब्याला हातबी लावला नाय. ह्यो देवाचा शेंदूर. गुलमंडीवरून पूजेच्या दुकानातून आणला, नवा!"

कडूबानं हयगय केली नव्हती हो, काळजीच घेतली होती, हाच तर घोटाळा. देवाच्या शेंदरात शिसं असेल हे आमच्या आवारात कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. पद्मजानं तरी आशेनं नमुना नेला. आठ दिवसांनी कळलं, खांबावरचे भाडेकरूही पाचव्या बशीत सुखात होते. महिनाभराच्या भक्तीनं न सोसणारे संपले होते. आता तुलना करायला काही उरलंच नव्हतं. हातात चार आठवडे होते. तिनं शहरात शोधलं, पण कुठं लोखंड नवं, कुठं रंगवलेलं, कुठं हवाच वेगळी. तिला त्याच आवारातलं, जुनं, बिनशेंदराचं लोखंड हवं होतं. ती कडूबाला एक शब्द बोलली नाही. ते त्याला जास्त लागलं. दोन दिवस तो भाकरी न खाता परत पाठवत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुंडलिकनगरात माझ्या घरी आला. चहा घेतला नाही. आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"सायेब, बिनशेंदराचं लोखंड हाय. टाकीवरच हाय."

"कुठं?"

"पोटाखाली. बहात्तरला नवा अँगल बसिवला ना आडवा, त्येची वरली बाजू. कोरा आला व्हता, कोराच हाय."

मला काही कळेना. दर तीन वर्षांनी तो अँगल रंगवल्याची नोंद होती आणि तिच्याखाली सही माझी होती. तेव्हा त्यानं सांगितलं. बहात्तर साली पहिल्याच दिवशी तिथं त्याचा पाय घसरला. एका हातावर तो बराच वेळ लोंबकळत राहिला. खाली कुणी नव्हतं. कसाबसा उतरला आणि त्यानंतर तिथं परत चढला नाही. मग तो बांबूला ब्रश बांधून खालच्या फळीवरून अँगलची दिसणारी बाजू रंगवायचा. वरच्या बाजूला अठरा वर्षांत ब्रश लागला नव्हता.

मी भडकलो. "अरे कडूबा, मी सह्या केल्यात!"

"तुमी कुठं चढून बगितलं व्हतं, सायेब?"

खरं होतं. मी दर वेळी जमिनीवर उभं राहून, मान वर करून, डोळ्यांवर हात धरून तपासलं होतं. उन्हात टाकी छान चमकायची. माझा राग तिथंच विरला, पण दुसरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी म्हटलं, "कडूबा, हे बाहेर आलं तर ते इंचाचं वाक्य…"

"ठावं हाय," तो म्हणाला. "दोन रात्री त्येच मोजत व्हतो. पर ताईला दुसरं वरीस नाय."

"पद्मजाला गुपचूप सांगू. कुणाला कळणार नाही."

तो नुसता उठला आणि चपला घालू लागला. आमच्या आवारात गुपचूप काही होत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कडूबानं पद्मजाला त्या अँगलचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती कमरेला दोर बांधून टाकीवर चढली. सोबतीला फकिरा, कारण कडूबाशिवाय उंचावर काम करणारा तोच एक. खांब न कापल्याबद्दल त्याला दिव्याच्या खात्यानं झापलं होतं, तरी आला. कडूबा खाली दोराचं टोक धरून उभा राहिला. त्यालाही त्या अँगलपर्यंत चढायचं होतं. तीन पायऱ्या चढला आणि परत आला. एक बाई दोर बांधून टाकीवर चढतेय म्हटल्यावर अख्खं खातं खाली जमलं. मोठे साहेबही आले. आवडाबाई भाकरीचं फडकं घेऊन फाटकातून आत येत होत्या.

वर पोचल्यावर पद्मजानं वाकून बघितलं. तिला काय आनंद झाला! आठवडाभर दाबून धरलेला हुंदका असा उलटा बाहेर पडला. पस्तीस फुटांवरून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "मामा! इथं रंगाचा एक ठिपकासुद्धा नाही! कधी लागलेलाच नाही!"

आवारात सगळ्यांनी ऐकलं. पद्मजाला बिचारीला मानपत्रातलं वाक्य माहीत नव्हतं, ती काय बोलून गेली याची तिला कल्पनाच नव्हती. तिला वरून फक्त लोखंड दिसत होतं. मोठ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी टाकीकडं बघितलं. बाकी सगळ्यांनी कडूबाकडं बघितलं. त्याच्या हातातला दोर ताणलेलाच होता. मी सोडून दे म्हटलं असतं तरी त्यानं तो सोडला नसता.

मान वर करून कडूबानं तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "कसा आसंल, ताई? पयल्या दिशी घसरलो, मंग म्या तिथं कधी आलोच नाय! भ्यालो म्हून नाय आलो! तुमी तसंच ल्ह्या तुमच्या पुस्तकात, कडूबानं ह्ये रंगिवलं नाय म्हून!"

मला माझ्या सहीबद्दल बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते. मानपत्र माझ्या टेबलाच्या खणात तयार होतं. त्या संध्याकाळी ते वाक्य मी काढलं, तेव्हा कागदावर फार काही उरलं नाही.

आवडाबाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांचा आवाज चढला होता. "नाय आले म्हंजी? मंग अठरा वर्सं म्या शनिवार धरते ते कशापायी? तिथं वर लई वंगाळ जागा हाय, हात सुटला तर माणूस गावायचा नाय, आसं तुमीच सांगितलं व्हतं ना मला?"

कडूबाचं आता सगळंच गेलं होतं. दोर दोन्ही हातांनी धरून, त्यांच्याकडं न बघता तो म्हणाला, "व्हय. सांगितलं व्हतं. पर पयल्या दिसानंतर तिथं गेलोच नाय कधी. खोटं बोललो."

आवडाबाईंनी टाकीच्या पोटाकडं बघितलं. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"बरं झालं, माय," त्या म्हणाल्या. "बरं झालं नाय गेलात. मला काय करायचं व्हतं त्या रंगाचं?"

आणि त्या त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दोराला त्यांनीही हात लावला.